काचेच्या निगेटिव्हचा थर दरवर्षी कडेने सुटतोय? पुण्याच्या हवेतलं कारण आणि उपाय

तक्रार साधारण अशी असते. घरात, किंवा बंद पडलेल्या एखाद्या स्टुडिओच्या सामानात, लहान मुलांच्या जुन्या फोटोंच्या काचा सापडलेल्या असतात. पावसाळ्याआधी बघितल्या तेव्हा ठीक होत्या. दिवाळीनंतर किंवा होळीच्या सुमारास पेटी उघडावी तर काही काचांवरच्या थराच्या कडा उचललेल्या दिसतात आणि पाकिटाच्या तळाशी काळसर पापुद्रे पडलेले असतात. मग त्या काचा पुसून, नवी पाकिटं करून, कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्या जातात. पुढच्या वर्षी तेच, आणि आणखी चार काचांची त्यात भर.

दोष सहसा पावसावर जातो. पाऊस यात अर्धाच भागीदार आहे, आणि उरलेला अर्धा भाग लक्षात न आल्यामुळेच हा त्रास दरवर्षी परत येतो.

अशा बहुतेक काचा ‘सुकी प्लेट’ या प्रकारच्या असतात. त्यांच्यावरचा थर म्हणजे जिलेटिन, म्हणजे सरसासारखा एक पदार्थ, आणि त्यात अडकलेले चांदीचे बारीक कण. जिलेटिन दमट हवेत पाणी ओढून फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. खालची काच मात्र जागची हलत नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या सकाळी हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. म्हणजे वर्षभरात थर एकदा पूर्ण फुगतो आणि एकदा पूर्ण ताणला जातो. ताण सगळ्यात जास्त कडेला येतो आणि पकडही तिथेच सगळ्यात कमी, कारण ओल शिरते ती कडेने. त्यात जुनी काच दमट हवेत वर्षानुवर्षं राहिली की तिच्यातले क्षार पृष्ठभागावर येतात आणि थराखालची पकड आणखी ढिली करतात. उन्हात वाळत घातलेल्या पापडाच्या कडा जशा वर येतात, तसा मग हा थर वर येतो. पाऊस त्याला फुगवून सैल करतो, पण सोलून काढतो तो नंतरचा कोरडेपणा. मुंबईच्या संग्रहांत बुरशी आणि चिकटलेल्या काचा हा पहिला प्रश्न असतो. पुण्यात पहिला प्रश्न हा हेलकाव्याचा आहे, म्हणून तिकडचे उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये घाबरून पेटीत भरमसाट सिलिका जेल टाकणं हा यातला सगळ्यात घातक उपाय. पावसाळाभर फुगलेला थर त्यामुळे दोन-चार दिवसांत कोरडा पडतो. जे नुकसान एप्रिलमध्ये हळूहळू झालं असतं, ते दिवाळीतच होऊन बसतं.

आधी काच कुठल्या प्रकारची आहे ते बघा

काचेवरच्या निगेटिव्ह मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली ओल्या कलोडियनची, म्हणजे काचेवर ओतलेल्या एका चिकट द्रावणाची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ही पद्धत १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. दुसरी जिलेटिनची, म्हणजे सुकी प्लेट. तिची कल्पना रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये मांडली. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी इमल्शन (प्लेटवर चढवायचं चांदीच्या क्षारांचं जिलेटिन) गरम ठेवून त्याची संवेदनक्षमता पुष्कळ वाढवता येते हे दाखवलं, आणि त्यानंतर कारखान्यात तयार झालेल्या प्लेटा सगळीकडे मिळू लागल्या.

मुलांच्या फोटोंच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. ओली प्लेट ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, फोटो घेऊन लगेच धुवावी लागे, आणि तिला कित्येक सेकंद उजेड लागे. मोठ्या माणसाच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावून त्याला स्थिर बसवता येई. दीड वर्षाच्या मुलाला काय टेकू लावणार! सुकी प्लेट आल्यावर वेळ सेकंद-दोन सेकंदांवर किंवा त्याच्याही खाली आला आणि मुलांचे फोटो ही स्टुडिओची रोजची कामं झाली. म्हणून तुमच्या पेटीतल्या मुलांच्या काचा बहुतेक करून सुक्या प्लेटाच असणार. तरी खात्री करून घ्या.

काच खिडकीजवळ तिरपी धरून परावर्तित उजेडात बघा. कलोडियनचा थर मळकट सायीच्या किंवा तपकिरी रंगाचा दिसतो. तो हाताने ओतलेला असल्यामुळे कडेला असमान असतो, एखाद्या कोपऱ्यात बोटाने धरल्याची मोकळी जागा असते, आणि काच जाड, हाताने कापलेली असते. जिलेटिनचा थर एकसारखा पसरलेला आणि करड्या-काळ्या रंगाचा असतो, काच पातळ आणि नेमक्या मापाची असते. मापंही ठरलेली आहेत: क्वार्टर प्लेट सव्वातीन बाय सव्वाचार इंच, हाफ पावणेपाच बाय साडेसहा, फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ. ओळख पटवण्यासाठी थरावर पाण्याचा थेंब टाकून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. थेंबाचा डाग कायमचा राहतो.

कलोडियनची काच निघाली तर ती वेगळी ठेवा. तिच्यावर बहुधा राळेचं वॉर्निश असतं आणि ते स्पिरिटमध्ये विरघळतं, त्यामुळे तिला स्पिरिटचा बोळा कधीही लावायचा नाही. पुढचं सगळं जिलेटिनच्या काचांबद्दल आहे.

नुकसान वाटतं, पण ते नुकसान नसतं

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. मुलांच्या काचांवर नीट करण्याच्या नादात जे बिघडवलं जातं, ते बरंचसं इथेच.

मुलाच्या कपाळावर किंवा गालावर एक छोटा पारदर्शक ठिपका दिसतो. थर उडाला असं वाटून कुणी तो शाईने भरतं, कुणी संगणकावर पुसून टाकतं. ती पुष्कळदा तीट असते. काळी तीट प्लेटवर उजेड पाठवत नाही, म्हणून निगेटिव्हवर ती जागा मोकळी राहते. मुलीच्या कपाळावरचं कुंकूही असंच मोकळं दिसतं, कारण त्या काळच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. सुरुवातीच्या प्लेटा फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला दाद देत. हेरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून हिरव्या-पिवळ्यापर्यंत मजल नेली, पण लाल रंग टिपणाऱ्या प्लेटा बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. त्यामुळे प्रिंटवर लालभडक कुंकू काळं उमटतं. ठिपका तीट आहे की खड्डा, हे बघायला काच तिरप्या उजेडात धरा आणि भिंगातून पाहा. तिटेच्या जागी जिलेटिनचा पृष्ठभाग सलग असतो. थर खरंच उडाला असेल तर ठिपक्याला कडा दिसते आणि आत काच चमकते.

संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून काढलेल्या फोटोतही हाच गोंधळ होतो. काळ्या झबल्याची जागा निगेटिव्हवर जवळजवळ रिकामी असते, तिथे चांदीच नसते. ‘मधलं सगळं गेलं’ म्हणून अशी काच बाजूला टाकू नका. हलव्याचे पांढरे दाणे मात्र दाट काळे असतात, आणि चांदी दाट असते तिथे निळसर धातूसारखी झाक लवकर चढते.

ती झाक म्हणजे वर आलेली चांदी. हवेतल्या प्रदूषणाने चांदीचे कण झिजतात, थरातून वर सरकतात आणि पृष्ठभागावर पुन्हा चांदी होऊन बसतात. बहुतेक वेळा ती कडेने आत पसरते. बघायला वाईट दिसली तरी तिच्यामुळे थर सुटत नाही. घासून काढली तर चित्रातलीच चांदी जाते, म्हणून तिला हात लावू नये.

चेहरा किंवा पाय पुसट असेल तर खुर्ची आणि गालिचा बघा. ते रेखीव आणि मूल तेवढं पुसट असेल, तर फोटो घेताना मूल हललं, एवढंच. त्यात काच बिघडलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काचेवर लाल-तांबडा रंग, पेन्सिलीच्या बारीक रेघा किंवा काळ्या कागदाची कातरलेली पट्टी दिसली, तर ती घाण नाही. ते रिटचिंग आहे. गालांवरचे डाग घालवायला थरावर राळेचा हलका हात मारून त्यावर पेन्सिल चालवत. पार्श्वभूमी किंवा नको असलेला भाग झाकायला लाल रंग लावत, आणि तो पुष्कळदा थराच्या उलट बाजूला, म्हणजे काचेवर असे. लहान बाळाला धरायला आई शेजारी किंवा कापडाखाली बसलेली असे, तिचा हात असाच झाकला जाई. ‘काचेची बाजू ओल्या कापसाने पुसायला हरकत नाही’ हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. तो रंग पाण्यात विरघळतो. एका पुसण्यात रिटचरचं काम गेलं की ते परत आणता येत नाही, आणि ते काम त्या फोटोचाच भाग आहे. आधी दोन्ही बाजू तिरप्या उजेडात बघा. काचेची बाजू पूर्ण कोरी आहे याची खात्री झाली तरच, आणि थर कुठेही सुटलेला नसेल तरच, किंचित ओलसर मऊ कापडाने मध्यापासून सुरुवात करून कडेच्या बोटभर आधी थांबा. थराच्या बाजूला मऊ ब्रश किंवा रबरी फुग्याची हवा, एवढंच. थर सुटलेला असेल तर तेही नको.

सुटलेल्या काचेचं आज काय करायचं

ती पाकिटात परत सरकवू नका. सुटलेल्या कडा सरकवतानाच तुटतात. थर वर करून काच आडवी, एका उथळ पुठ्ठ्याच्या डबीत ठेवा आणि झाकण असं घ्या की ते थराला टेकणार नाही. हातमोजे घालायचे तर नायट्राइलचे. सुती मोज्यांचे धागे उचललेल्या पापुद्र्यात अडकतात आणि काच हातातून निसटतेही. पडलेले तुकडे चिमट्याने न उचलता कागदाच्या पट्टीवर अलगद घ्या आणि त्याच काचेचा नंबर घातलेल्या घडीच्या कागदात ठेवा. चेहऱ्याचा तुकडा असो की कोपऱ्यातल्या पडद्याचा, एकही टाकू नका.

गोंद, डिंक, चिकटपट्टी, काहीही लावायचं नाही. थर पाण्याच्या वाफेवर धरून मऊ करायचा आणि दाबून बसवायचा, हा प्रकार तर अजिबात नको. मऊ झालेलं जिलेटिन ताणलं जातं आणि मुलाचा चेहरा वाकडा होऊन बसतो. थर पुन्हा बसवणं हे संवर्धकाचं काम आहे. ते सौम्य चिकटद्रव्य बारीक ब्रशने कडेखाली सोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काम करतात. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येईल. संवर्धक मिळेपर्यंत आडवी डबी आणि स्थिर हवा पुरेशी आहे.

तडकलेली किंवा फुटलेली काचही आडवीच ठेवायची, तुकड्यांमध्ये पुठ्ठ्याच्या पातळ पट्ट्या घालून, म्हणजे कडा एकमेकींवर घासणार नाहीत.

एक वेगळा प्रकार पुण्यातल्या पेठांमध्ये हमखास भेटतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या वस्तीतली कित्येक घरं, दुकानं पाण्याखाली गेली. त्या पाण्यातून निघालेल्या पेट्यांमध्ये काचा एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेला असतो, कडेला मातीचा थर दिसतो. असा गठ्ठा सुरीने किंवा दोऱ्याने सोडवायला जाऊ नका, आणि पुन्हा पाण्यात भिजवूही नका. वर्षानुवर्षं वाळलेलं जिलेटिन पुन्हा भिजलं की काचेवरून सरळ वाहून जातं. तो गठ्ठा आहे तसा कागदात गुंडाळून संवर्धकाकडे न्यायचा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळणाऱ्या पेट्यांमध्येही असे गठ्ठे असू शकतात. विकणाऱ्याने तुमच्यासमोर ते सोडवून दाखवण्याआधी त्याला थांबवा.

खरी दुरुस्ती कपाटाची

काचा कुठे आहेत ते आधी बघा. पत्र्याखालचा माळा ही वाड्यातली सगळ्यात वाईट जागा: उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल. बाहेरच्या भिंतीतला कोनाडा, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, जमिनीलगतचा कप्पा, हेही नको. घराच्या मधल्या खोलीतलं, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं लोखंडी कपाट आणि त्यातला मधला कप्पा चांगला. लाकडी आणि प्लायवूडच्या कपाटातून आम्लाच्या वाफा निघत राहतात. दिवाळीच्या रंगकामात कपाटाला ऑइलपेंट मारणार असाल तर काचा कित्येक आठवडे दुसरीकडे हलवा. ताज्या ऑइलपेंटच्या वाफांनी चांदीची झाक झपाट्याने वाढते. डांबरगोळ्या आणि रबरबँडही बाहेर काढा, रबरातलं गंधक चांदीला खातं. झुरळं आणि कसर जिलेटिन आवडीने खातात, तेव्हा कपाट स्वच्छ ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

मग पाकिटं. जुन्या स्टुडिओत बटर पेपर वापरत, आणि तो दमट हवेत थराला चिकटतो. वर्तमानपत्र आम्लधर्मी असतं. पीव्हीसीच्या पिशव्या तर नकोतच. फोटोंच्या जतनासाठी चाचणी केलेला आम्लरहित कागद घ्या आणि चार पाकळ्यांचं पाकीट घडी घाला. त्यात काच सरकवावी लागत नाही, ठेवून पाकळ्या मिटायच्या. चांगल्या काचा लांब बाजूवर उभ्या ठेवा, मध्ये मध्ये जाड पुठ्ठा घाला, आणि पेटी फार भरू नका. एका फुल प्लेटचं वजन साधारण दीडशे ग्रॅम असतं, म्हणजे तीस काचांची पेटी साडेचार किलोवर जाते आणि हातातून सुटते.

आता हेलकाव्याचा बंदोबस्त. संवर्धनाच्या दृष्टीने आदर्श आर्द्रता ३० ते ४० टक्के आणि तापमान १८ अंशांच्या आसपास. घरात तेवढं बाराही महिने जमणार नाही, आणि एसी दिवसा चालू-रात्री बंद ठेवला तर हेलकावा रोजचाच होतो. मला पुण्यासाठी सगळ्यात भरवशाचा वाटणारा मार्ग हा: काचा पावसाळ्यात बांधायच्याच नाहीत. डिसेंबर-जानेवारीत एक छोटा आर्द्रतामापक खोलीत ठेवा. असे डिजिटल मापक तपकीर गल्लीत सहज मिळतात. कोरड्या दुपारी तो चाळीसच्या आसपास आला की नवी पाकिटं, पुठ्ठे आणि काचा त्याच खोलीत काही दिवस राहू द्या. रात्री खोली बंद ठेवायची. कागद आणि पुठ्ठा त्या हवेशी जुळले की सगळं झाकणाला सिलिकॉनचं गॅस्केट असलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या घट्ट डब्यात बंद करा. बंद डब्यात आतली आर्द्रता ठरवतो तो कागद आणि पुठ्ठा, कारण डब्यातल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त पाणी त्यांच्यात असतं. बाहेर जुलै असो की एप्रिल, आत जानेवारी टिकून राहतो. डब्यात मापक ठेवा आणि बाहेरून दिसेल असा बसवा, म्हणजे बघण्यासाठी झाकण उघडावं लागणार नाही.

सिलिका जेल यात फक्त रक्षक म्हणून. थोडंसं, आणि काचांना टेकणार नाही असं. नारिंगी रंगाचं घ्या, निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. ऑगस्टमध्ये आतला आकडा साठच्या वर सरकू लागला तर एक पुडी बदला, सगळ्या एकदम नाही. पासष्टच्या वर बुरशी येते, तेव्हा साठला जागं व्हायचं. आकडा पस्तीसच्या खाली जात असेल तर पुडी काढून टाका.

ज्या काचा ऑक्टोबरमध्ये आधीच फुगलेल्या आहेत त्या थेट या डब्यात घालू नका. त्यांना त्यांच्या जुन्या पेटीतच, झाकण लावून, मधल्या खोलीत ठेवा आणि थंडी येईपर्यंत हळूहळू उतरू द्या.

प्रतिमा घेणं

थर सुटत चाललाय असं दिसलं की त्या काचेची डिजिटल प्रत आधी घ्यायची, बाकीच्यांची नंतर. सपाट स्कॅनरवर थर खाली करून ठेवलेल्या काचेचे पापुद्रे स्कॅनरच्या काचेवर राहतात. त्यापेक्षा एलईडी पॅनेलवर दुधी अ‍ॅक्रिलिक ठेवा, त्याच्या वर चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे देऊन काच थोडी उचलून, थर वरच्या बाजूला येईल अशी ठेवा आणि कॅमेऱ्याने वरून रॉ फाइल घ्या. काच उचलून ठेवल्याने रंगीत कड्या येत नाहीत आणि पॅनेलवरची धूळही दिसत नाही. जुने बल्ब असलेले लाइटबॉक्स तापतात, त्यावर थर डोळ्यांदेखत वळतो. थर वर असल्यामुळे प्रतिमा उलटी येईल, ती संगणकावर आडवी फिरवून घ्या. पाठीमागचा उजेड बंद करून बाजूच्या उजेडात एक फोटो आणखी घ्या. रिटचिंग, चांदीची झाक आणि उचललेल्या कडा त्यातच नोंदल्या जातात, आणि पुढच्या वर्षी थर आणखी सुटला का हे त्याच्याशी ताडून बघता येतं.

जुनं पाकीट टाकून देऊ नका, त्यावर मोडीत किंवा पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर तेच त्या मुलाच्या नावापर्यंत पोचण्याचं साधन असतं. काचेच्या कडेला थरात खरवडलेला आकडा स्टुडिओच्या वहीतला नंबर असतो. तो आकडा नव्या पाकिटावर जसाच्या तसा उतरवा. मुलाचं नाव, घराणं, साल यातलं जे नक्की असेल तेवढंच लिहा, अंदाज वेगळ्या कागदावर. आणि लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, काच आत ठेवण्याआधी.